पहिल्या शर्यतीआधीचे आठ दिवस

हान्सा ३०३ किंवा २.४ एमआर या एकट्याने चालवायच्या शिडाच्या बोटी. त्यात बसून धक्का सोडला की खेळाडूजवळ कुणी नसतं. व्हीलचेअर, मदतनीस, उचलायची झोळी, सगळं मागे राहतं. बैठक दोन सेंटिमीटरने चुकली असेल तर पुढचे चार-पाच तास ती चुकलेलीच. म्हणून दिव्यांग संघाने स्पर्धेच्या गावी लवकर पोहोचायचं असतं, आणि आमच्या मते पहिले तीन दिवस शीड उघडायचंच नसतं.

पुढचा आठ दिवसांचा क्रम दहा जणांच्या संघाचा आहे. पाच खेळाडू, एक प्रशिक्षक, एक तंत्रज्ञ, एक फिजिओथेरपिस्ट आणि दोन मदतनीस. तीन बोटी हान्सा, दोन २.४. हान्सातल्या एकाला मानेच्या पातळीवर मज्जारज्जूची इजा आहे, दुसऱ्याला कमरेच्या पातळीवर, तिसऱ्याला सेरेब्रल पाल्सी. २.४ मधल्या एकाला एकच हात आहे, दुसऱ्याचे दोन्ही पाय गुडघ्याच्या वर कापलेले आहेत.

ही स्पर्धा जागतिक अजिंक्यपदाची आहे. पॅरालिम्पिकमध्ये शिडाच्या बोटी १९९६ साली अटलांटात प्रात्यक्षिक म्हणून आल्या, २००० च्या सिडनीपासून २०१६ च्या रिओपर्यंत पदकांसाठी लढल्या आणि टोकियोपासून वगळल्या गेल्या. २.४ मध्ये २००४ आणि २०१६ ची सुवर्णपदकं जिंकणारा फ्रान्सचा दामियां सेगँ जन्मापासून डाव्या पंजाविना आहे. पुढे त्याने एकट्याने, न थांबता जगाला वळसा घालणारी व्हांदे ग्लोब शर्यत सातव्या क्रमांकाने पुरी केली. एवढी उंची असलेल्या खेळाला आज जागतिक अजिंक्यपद हेच शिखर उरलं आहे. तयारीही त्याच तोलाची हवी.

आदला दिवस

सामान तीन ढिगांत लावायचं: विमानात हातात राहणारं, खाली जाणारं, आणि बोटींसोबत आधीच गेलेलं. हातात राहणाऱ्यात कॅथेटरचा पूर्ण प्रवासाचा साठा आणि वर तीन दिवसांचा, औषधं, वर्गीकरणाचे वैद्यकीय कागद, व्हीलचेअरची गादी, बाजूच्या फळ्या आणि बोटीतली साच्यावर बनवलेली बैठक. बैठक खाली सामानात कधीही टाकू नये. शीड हरवलं तर उसनं मिळतं, दुसऱ्याच्या शरीराची बैठक मिळत नाही.

विद्युत व्हीलचेअरची लिथियम बॅटरी काढता येणारी असेल तर ती काढून केबिनमध्ये न्यायची. मर्यादा ३०० वॉट-तासांची. जादा बॅटरी ३०० ची एक किंवा १६० च्या दोन. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास एवढेच आकडे छापलेले असतील तर गुणाकार करून वॉट-तास कागदावर लिहून ठेवायचे, कारण तपासणीच्या टेबलावर तो हिशोब समजावण्यात विमान सुटायची वेळ येते. फुगणाऱ्या जीवरक्षक जाकिटाच्या गॅस नळकांड्यांसाठीही विमान कंपनीची संमती आधी घ्यावी लागते.

दिवस १: प्रवास

हवेच्या कप्प्यांची गादी केबिनमध्ये फुगते. विमानाच्या आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका कमी असतो, त्यामुळे जमिनीवर बरोबर वाटलेली गादी वर गेल्यावर टणक होते आणि बसायच्या हाडांखाली नेमका नको तिथे दाब येतो. वर गेल्यावर थोडी हवा सोडायची आणि उतरल्यावर पुन्हा भरायची. हे दुसरं काम विसरलं जातं. मग खेळाडू अर्धवट रिकाम्या गादीवर विमानतळ, गाडी आणि हॉटेल असे आणखी तीन तास काढतो, आणि कातडीला जे व्हायचं ते त्या तीन तासांत होतं.

पोहोचल्यावर आंघोळीआधी आरसा घेऊन पाठीचा खालचा भाग, बसायची हाडं, टाचा आणि घोटे बघायचे. गोऱ्या कातडीवर लालसर आणि सावळ्या कातडीवर गडद किंवा जांभळट दिसणारा डाग दाबून सोडल्यावरही रंग बदलत नसेल, तर त्या जागेवर वजन द्यायचं बंद. अशा डागाला दोन दिवस दिले तर तो बहुधा जातो. त्यावर बसून सराव केला तर जखम होते आणि स्पर्धा तिथेच संपते.

दिवस २: मोजपट्टी घेऊन धक्क्यावर

आज फक्त बंदर बघायचं. शौचालयाच्या दाराची रुंदी, व्हीलचेअर वळवायला जागा, क्रेनची उचलायची क्षमता, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तरंगत्या पाँटूनवर, म्हणजे बोटी लावायच्या फलाटावर, उतरणारा पूल.

हा पूल भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो. समजा तो १० मीटर लांब आहे आणि आज सकाळी १० वाजता भांगाची, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी असतानाची, भरती आहे. पाँटून धक्क्यापेक्षा १ मीटर खाली, म्हणजे उतार साधारण दहास एक. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी बारास एक हे प्रमाण चांगलं मानतात, म्हणजे हा जरा उभा झाला, पण मागे एक माणूस असला की जमतं. सगळे खूश होतात आणि परततात. इथेच घात होतो.

भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. सहा दिवसांनी, पहिल्या शर्यतीच्या दिवशी, ती दुपारी ३ च्या आसपास येईल आणि ओहोटी सकाळी ९ च्या सुमारास. भांगापासून उधाणापर्यंत, म्हणजे सर्वांत मोठ्या चढ-उतारापर्यंत, साधारण सात दिवस लागतात, म्हणजे तोवर ओहोटीचं पाणीही बरंच खोल गेलेलं असेल. तोच पाँटून ३ मीटर खाली, उतार तिनास एक. त्यावरून व्हीलचेअर न्यायची म्हणजे माणसाला कड्यावरून ढकलण्यासारखंच. आज दहा वाजता पाहिलेला पूल आठव्या दिवशी दहा वाजता नसतो. म्हणून भरतीचं कोष्टक घेऊन आठही दिवसांचा उतार आजच कागदावर काढायचा आणि ज्या दिवशी तो आठास एकापेक्षा उभा असेल, त्या दिवसापुरती पक्क्या धक्क्यावरच्या क्रेनची वेळ आयोजकांकडे नोंदवायची. क्रेनच्या दोराची लांबीही बघायची. ओहोटीला आकडा बोटीपर्यंत पोहोचलाच नाही असं घडतं.

दिवस ३: बैठक

कंटेनर उघडतो. आज दिवसभर बोटी जमिनीवर, स्टँडवर.

दोन्ही बोटींत एक गोष्ट समान आहे. खेळाडू खाली, मधोमध, तोंड पुढे करून बसतो आणि बोट सरळ ठेवायला अंग बाहेर झोकावं लागत नाही. २.४ साधारण ४.२ मीटर लांब आणि जेमतेम ८० सेंटिमीटर रुंद. एकूण २६० किलोच्या आसपास वजनात सुमारे १८० किलो शिसं तळाशी असतं. हान्सा ३०३ ची लांबी नावातच आहे, ३.०३ मीटर, आणि तिच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या मधल्या फळीला ३० किलोचं वजन आहे. शरीराचं वजन आणि पायांतली ताकद इथे गौण ठरते. २.४ मध्ये स्त्री-पुरुष, दिव्यांग आणि इतर एकाच रांगेत लढतात ते यामुळेच. पण झोकायचं नसलं तरी हात पोहोचायला हवा, आणि तो बैठकीवर ठरतो.

मानेची इजा असलेल्याची बैठक आधी. धडाला स्वतःचा तोल नसतो, त्यामुळे बोट कलली की शरीर खालच्या बाजूला घसरतं. दोन्ही बाजूंना काखेच्या तीन-चार बोटं खाली फोमचे आधार लावायचे. त्याहून वर लावले तर काखेतली नस दाबून हाताला मुंग्या येतात. बोट स्टँडवर २० अंश कलवायची आणि तशीच १० मिनिटं ठेवायची. सरळ बोटीत उत्तम वाटलेली बैठक या दहा मिनिटांत उघडी पडते: मान वळत नाही, कोपर सुकाणूच्या जॉयस्टिकवरून सुटतं, एका कुल्ल्यावर सगळा भार येतो. मग फोम कापायचा, पुन्हा बसवायचं, आता दुसऱ्या बाजूला कलवायची. चार-पाच फेऱ्या होतातच. घाई करू नये.

पट्टे रुंद आणि वेल्क्रोचे. सुटं टोक बाहेरच्या माणसाला एका झटक्यात ओढता येईल असं, भडक रंगाचं. बकल नको, कारण ओल्या हातमोज्याने ते उघडत नाही. कमरेचा पट्टा लघवीच्या पिशवीच्या नळीवरून जात नाही ना, हे बोटाने चाचपून बघायचं. ही बारीक गोष्ट नाही. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांत नळी दबून मूत्राशय भरलं, तर रक्तदाब एकदम वर जातो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, मानेवर घाम येतो. त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात आणि त्यात जिवाला धोका असतो. ताठ बसवा, पट्टे सोडा, नळी मोकळी करा. हा क्रम सुरक्षा बोटीवरच्या प्रत्येकाला पाठ हवा.

ज्या हातांची बोटं मिटत नाहीत, त्यांना मनगट मागे वळवलं की बोटं आपोआप थोडी मिटतात. ही पकड वापरायची तर दोरी समोरून आणि किंचित खालून यायला हवी. वरून आली तर मनगट पुढे वाकतं आणि पकड सुटते. ६ मिलिमीटरच्या जागी ८ ची दोरी घेतली तर ती हातात ठरते, पण कप्पीत घासते, म्हणून कप्पीही बदलावी लागते. ओढायचा जोर कमी करायला कप्प्या वाढवल्या की दोरीची लांबी वाढते: चारास एकच्या योजनेत शीड २५ सेंटिमीटर आवळायला १ मीटर दोरी ओढायची. कमजोर हाताला एकदा जोरात ओढणं अवघड, तसंच वीस वेळा हलकं ओढणंही अवघड. मधला आकडा प्रत्येकाचा वेगळा आणि तो करून बघूनच सापडतो.

हान्साला जॉयस्टिक ज्या बाजूला ढकलाल, त्या बाजूला बोट वळते. सुकाण्याच्या दांड्याची उलटी सवय असलेल्यांना पहिले दोन दिवस जड जातात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूच्या हाताला झटका आला की जॉयस्टिकही उडते. तिथे मोठा गोल मुठीचा गोळा आणि कोपराखाली टेकू दिला की झटका दांड्यापर्यंत कमी पोहोचतो. ज्यांच्या हातांत तेवढंही बळ नाही त्यांच्यासाठी दोऱ्या आणि सुकाणू मोटरने हलवणारी, बॅटरीवरची सर्वो यंत्रणा जोडता येते. ब्रिटनच्या हिलरी लिस्टरने २००९ साली तोंडातल्या नळ्यांमध्ये फुंकून आणि शोषून एकटीने ब्रिटनची प्रदक्षिणा केली. नियंत्रण कुठल्या अवयवात आहे हे एकदा शोधलं की त्याभोवती बोट बांधता येते.

२.४ मध्ये काम सोपं. एका हाताच्या खेळाडूला सुकाणूसाठी पायाचे पॅडल, म्हणजे हात दोऱ्यांना मोकळा. पाय नसलेल्याला हाताचा दांडा.

दिवस ४: आधी अंग पाण्यात, मग बोट

तलावात किंवा बंदराच्या शांत कोपऱ्यात प्रत्येकाला स्पर्धेच्या पूर्ण कपड्यांत आणि जीवरक्षक जाकिटात पाण्यात उतरवायचं. दोन माणसं धरून उभी. खेळाडूच्या संमतीने त्याला पालथं करून सोडायचं आणि पाच सेकंद मोजायची. ५० न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवणाऱ्या जोराचं माप) साधं तरंगतं जाकीट बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही, आणि जो स्वतः वळू शकत नाही त्याच्यासाठी ते पुरेसं नाही. १५० न्यूटनचं बहुतेकांना वळवतं, सगळ्यांना नाही. पाणी आत न येऊ देणाऱ्या कोरड्या सूटमध्ये पायांकडे हवा राहिली असेल तर पाय वर आणि तोंड खाली जातं. सूट घातल्यावर खाली बसवून गळ्याची पट्टी उघडून हवा दाबून काढायची. पाय नसलेल्या खेळाडूचं शरीर वेगळंच तरंगतं, त्याचं जाकीट पायांमधल्या पट्ट्याशिवाय वर सरकून कानांपर्यंत येतं, आणि तो पट्टा कुठे अडकवायचा हे आजच शोधावं लागतं.

त्यानंतर २.४ ची पाणी भरण्याची परीक्षा. शिशामुळे ती सहसा उलटत नाही, पण लाटा आत आल्या तर बुडू शकते. पुढच्या-मागच्या तरंगत्या पिशव्या फुगवून, दोर बांधून, बोटीत पाणी भरायचं आणि ती पाण्यावर राहते का, विजेचा पंप किती मिनिटांत उपसतो हे घड्याळ लावून बघायचं. पंप चालतो पण पाणी उतरत नाही, असं झालं तर जाळीत दोरीचे तंतू किंवा काल कापलेल्या फोमचे तुकडे सापडतात. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी विश्रांतीत १२.७ दाखवली पाहिजे. १२.२ म्हणजे अर्धी संपली.

दुपारी पहिल्यांदा समुद्रात, फक्त ९० मिनिटं. आल्यावर लगेच कातडी बघायची. ओलं कापड, मीठ आणि दाब हे तिन्ही एकत्र आले की नुसत्या बसण्यापेक्षा कातडी फार लवकर सोलते. डाग दिसला तर रात्री पुन्हा फोम.

दिवस ५: वर्गीकरण

खेळाडूचं अपंगत्व स्पर्धेच्या निकषांत बसतं का, याची तपासणी म्हणजे वर्गीकरण. किमान दोन वर्गीकरण अधिकारी असतात. आधी टेबलावर ताकद, हालचाल आणि ताळमेळ तपासतात, मग खेळाडू बोटीतली कामं कशी करतो ते बघतात, आणि गरज वाटली तर शर्यतीतही नजर ठेवतात. पासपोर्ट, सही केलेलं संमतिपत्र, निदानाचे कागद आणि खेळाचं सगळं साहित्य सोबत न्यायचं. कागद अपुरे असतील तर तपासणी थांबते आणि सगळं वेळापत्रक कोसळतं.

आदल्या दिवशी जड सराव नको. थकलेलं शरीर खोटं चित्र देतं, आणि क्षमता मुद्दाम कमी दाखवणं हा तर गंभीर गुन्हा धरला जातो. एकट्याच्या बोटीत पात्रता एवढाच प्रश्न असतो. पॅरालिम्पिकच्या काळात तिघांच्या सोनार बोटीत प्रत्येकाला १ ते ७ गुण मिळत आणि बेरीज १४ च्या वर चालत नसे, त्यामुळे एका खेळाडूचा वर्ग बदलला की अख्खा संघ मोडे. तो ताण आता नाही. तरी नव्या खेळाडूला ही तपासणी खासगी आयुष्यात शिरल्यासारखी वाटते. सोबत त्याच्या विश्वासातला माणूस असावा.

दिवस ६: मोजमाप, आणि वारा

साहित्य तपासणी सकाळी. शिडांवर शिक्के, वजनं, आणि बैठकीत केलेले बदल दाखवणं. प्रत्येक बदलाचा फोटो आणि कारण एका कागदावर असलं की काम दहा मिनिटांत होतं.

दुपारी जोराचा वारा असेल तर हान्साचं शीड लहान करून बघायला उत्तम वेळ. तिचं मुख्य शीड डोलकाठीभोवती गुंडाळलं जातं, काठीच फिरते. शीड उघडताना गुंडाळीची दोरी हाताने ताणून धरली नाही, तर ती ढोलावर सैल पडून एकमेकींत अडकते आणि नंतर ऐन वाऱ्यात शीड गुंडाळलं जात नाही. हान्सातल्या तिघांपैकी दोघांचे हात ती दोरी धरू शकत नाहीत. तिथे पकडणारं क्लीट अशा कोनात लावायचं की दोरी अर्धवट घासत जाईल.

दिवस ७: सराव शर्यत

प्रत्येकाचं एक कार्ड आज सुरक्षा बोटींना द्यायचं: बोटीचा क्रमांक, कुठे धरून उचलायचं आणि कुठे नाही, बोलता-ऐकता येतं का, कुठले पट्टे, कुठली औषधं. पाण्यातून मानेची इजा असलेल्याला काखेत धरून ओढलं तर खांदा निखळू शकतो. त्याला पाण्याखाली झोळी सरकवून आडवंच वर घ्यायचं. आज एकदा ते करून घ्यायचं.

बाकी दिवस हलका. शर्यत अर्धी सोडून परतलं तरी चालेल.

दिवस ८: पहिली शर्यत

पाण्यात जायचा संकेत १० ला, आणि ओहोटी नुकतीच होऊन गेलेली. पूल तिनास एक. कुणीही त्याच्याकडे जात नाही, पक्क्या धक्क्यावरची क्रेन दुसऱ्या दिवशीच नोंदवलेली आहे. एका क्रेनने एकाला बसवायला सुमारे १२ मिनिटं, म्हणजे पाच जणांना तास. ज्याच्या कातडीला सर्वांत जास्त धोका, तो सर्वांत शेवटी बसतो आणि परतल्यावर सर्वांत आधी उचलला जातो. हा क्रम कुणाच्याही आग्रहाने बदलायचा नाही.

लघवीची चिंता म्हणून पाणीच न पिणं ही जुनी आणि धोकादायक सवय. पायाची पिशवी साधारण ५०० ते ७५० मिलिलिटरची असते. तिला मोठी पिशवी जोडून ती बोटीच्या तळाशी ठेवली की पाणी नीट पिता येतं. मानेची इजा असलेल्याला इजेच्या खाली घाम येत नाही, म्हणून उन्हात पाण्याचा फवारा आणि बर्फाचं जाकीट. त्यालाच फवारे उडणाऱ्या थंड वाऱ्यात सर्वांत आधी हुडहुडी भरते, म्हणून प्रशिक्षकाच्या बोटीवर कोरडा, वाऱ्याला अडवणारा कोटही.

सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी बोटीच्या वर्गाचा झेंडा, चार मिनिटं आधी तयारीचा, एक मिनिट आधी तो खाली, आणि शून्यावर वर्गाचा झेंडाही खाली. वेळ धरायची ती झेंड्यांवरून. आवाज झाला नाही तरी संकेत ग्राह्य असतो, आणि कमी ऐकू येणाऱ्याला हा नियम समान पायरीवर आणतो. तयारीच्या झेंड्यानंतर बहुतेक स्पर्धांत प्रशिक्षकाची बोट बाहेर. सेरेब्रल पाल्सीच्या खेळाडूचा हात झटक्याने सतत हलला तर सुकाणूने वल्हवल्यासारखं दिसू शकतं, आणि त्यावर दंड आहे. म्हणून पंचांना त्या हालचालीची कल्पना आधी लेखी दिलेली बरी. निषेध नोंदवायला मोठ्याने ‘प्रोटेस्ट’ म्हणावं लागतं. सहा मीटरपेक्षा लहान बोटींना लाल झेंड्याची गरज नाही. पण ज्याचा आवाज छातीच्या कमकुवत स्नायूंमुळे पोहोचत नाही, त्याच्यासाठी काय चालेल हे शर्यत समितीला आधीच विचारून ठेवायचं.

परतताना पाणी चढलेलं असतं, पूल सकाळपेक्षा बराच सपाट. तरी पाच तास बसलेल्यांना क्रेननेच वर घ्यायचं. मग गोड्या पाण्याने अंग धुवायचं, कोरडे कपडे, आरसा, अर्धा तास पालथं पडणं. तंत्रज्ञ बैठकांचे फोम सोडवून उभे करून वाळत घालतो, पंपाची जाळी साफ करतो, बॅटऱ्या चार्जिंगला लावतो. उद्या ओहोटी आणखी ५० मिनिटं उशिरा, म्हणजे बसण्याच्या वेळेलाच पाणी तळाला असेल. क्रेनची नोंद आहे का, ते आज रात्रीच पुन्हा बघायचं.